अक्षर किती मोठं हवं? कमी दृष्टीच्या वाचकांसाठी प्रश्नोत्तरं

गेल्या अंकात आम्ही कमी दृष्टी असलेल्या वाचकांना छापील आणि पडद्यावरचा मजकूर वाचताना येणाऱ्या अडचणी कळवायला सांगितल्या होत्या. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. बऱ्याच पत्रांचा सूर एकच होता, ‘आकडा सांगा, म्हणजे नियम करून टाकू.’ आकडे जरूर देतो, पण कशाचा आकडा धरायचा हे आधी ठरवावं लागतं. म्हणून पहिलं उत्तर लांबलं आहे.

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक पत्रकासाठी ‘सर्व मजकूर १४ पॉइंटात’ असा ठराव आम्ही केला. तरी निम्मे सभासद म्हणतात, दिसत नाही. आता १६ करावं की १८? — संघाचे चिटणीस, सातारा

ठराव करण्याइतकी काळजी तुम्ही घेतलीत, हे फार चांगलं केलंत. मात्र ठराव पॉइंटात न करता मिलिमीटरमध्ये करा.

एक पॉइंट म्हणजे ०.३५३ मि.मी. त्या हिशेबाने १४ पॉइंट म्हणजे सुमारे ४.९ मि.मी. पण ही उंची अक्षराची नव्हे, अक्षर ज्या चौकटीत बसवलं जातं त्या चौकटीची. देवनागरीत त्या चौकटीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार मावायचे असतात आणि खाली उकार नि ऋकार. मधल्या मूळ अक्षराच्या वाट्याला किती जागा येईल हे फॉन्ट बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. म्हणून कोकिला फॉन्टातलं १४ पॉइंट आणि निर्मला यूआय फॉन्टातलं १४ पॉइंट शेजारी शेजारी छापलं, तर दोन्हींचा आकार एकच आहे यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. कोकिला बरीच बारीक दिसते. तुमचं पत्रक जुळवणाऱ्याने फॉन्ट बदलला की ठराव तसाच राहतो आणि अक्षर आक्रसतं.

मोजायची सोपी रीत अशी. वापरायच्या फॉन्टात ‘म’ हे अक्षर १०० पॉइंटात टंकून छापा. छापताना प्रिंटरच्या खिडकीत ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ निवडा. ‘फिट टू पेज’ राहिलं तर पान थोडं लहान होऊन येतं आणि सगळं माप चुकतं. आता स्टीलच्या पट्टीने शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून ‘म’च्या दांड्याच्या खालच्या टोकापर्यंत मोजा. समजा २१ मि.मी. भरलं. म्हणजे दर पॉइंटाला ०.२१ मि.मी., आणि १४ पॉइंटात अक्षर २.९ मि.मी. दुसऱ्या फॉन्टात तेच १६ मि.मी. भरलं, तर १४ पॉइंटात हातात येतं फक्त २.२ मि.मी.

मग हवं किती? डोळ्यांच्या तक्त्यावर ६/६ म्हणजे जे अक्षर डोळ्यापाशी ५ मिनिटांचा कोन करतं (इथे एक मिनिट म्हणजे एका अंशाचा साठावा भाग) ते ओळखता येणं. ६/६० असेल, तर त्याच्या दहापट मोठं अक्षर लागतं. यावरून ४० सें.मी. अंतरावर, म्हणजे आपण साधारण जिथे कागद धरतो तिथे, ६/६ दृष्टीला ०.५८ मि.मी.चं अक्षर जेमतेम ओळखू येतं. ६/१८ला १.७५ मि.मी., ६/३६ला ३.५ मि.मी. आणि ६/६०ला ५.८ मि.मी. लागतं. हे आकडे ‘जेमतेम’चे आहेत. डॉक्टरांसमोर एकेक अक्षर ओळखणं वेगळं आणि पानभर मजकूर सलग वाचणं वेगळं. सलग वाचायला याच्या निदान दुप्पट आकार हवा. त्याखाली गेलं की वाचनाचा वेग हळूहळू नाही, एकदम कोसळतो. शिवाय हे गणित सुट्या, ठसठशीत चिन्हांवरून आलं आहे. आपल्याकडे ‘ष्ट्य’, ‘द्ध’, ‘ज्ञ’ अशी एकाच जागेत तीन-तीन गाठी असलेली अक्षरं आहेत. आकार पुसट झाला की घ-ध, भ-म, थ-य, ब-व यांत गोंधळ होतो. तेव्हा दुपटीवर थोडं चढतंच धरा.

पत्रकासाठी आमचा सल्ला : मुख्य मजकुराचं अक्षर किमान ३.५ मि.मी., म्हणजे ६/१८च्या १.७५ची दुप्पट. मघाच्या पहिल्या फॉन्टात ते १७ पॉइंटाला मिळेल, दुसऱ्यात २२ पॉइंटाला. पत्ता, वर्गणी, फोन क्रमांक ही पत्रकात सगळ्यांत बारीक छापली जातात, आणि नेमकी तीच वाचकाला हवी असतात. त्यांनाही ३.५ मि.मी.च ठेवा. ज्यांना एवढ्याने भागत नाही त्यांच्यासाठी ५ मि.मी.ची वेगळी आवृत्ती काढा. सभासदांच्या यादीत नावापुढे खूण केलीत की किती प्रती लागतील ते कळेल.

आणखी एक. वाचक कागद ४०ऐवजी २० सें.मी.वर धरतो तेव्हा तेच अक्षर त्याला दुप्पट मोठं पोचतं. कमी दृष्टीच्या माणसाने कागद डोळ्यांशी धरला की घरचे ओरडतात, डोळे बिघडतील म्हणून. बिघडत नाहीत. मात्र वयस्कर डोळ्याला जवळचं स्वतःहून जुळवता येत नाही, चष्म्याचा नंबर त्या अंतराचा असावा लागतो. ४० सें.मी.ला अडीच नंबरचा वाचनाचा चष्मा चालतो, २५ सें.मी.ला चार, २० सें.मी.ला पाच. डॉक्टरांना ‘वाचायचा चष्मा द्या’ एवढंच सांगू नका, ‘अमुक अंतरावर धरून वाचायचं आहे’ असं सांगा.

प्रश्न : मग चांगला मराठी फॉन्ट कोणता? — त्याच पत्रातून

पडद्यावर आणि छापायला मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही मोफत. निर्मला यूआय विंडोजमध्ये असतोच. पाहायचं ते एवढंच : सगळ्या रेषा सारख्या जाडीच्या असाव्यात, ‘ष’ आणि ‘क्ष’मधली पोकळी उघडी राहावी, अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेपासून सुटा दिसावा, आणि १ नि ९ चटकन वेगळे कळावेत. मजकूर सरसकट ठळक करू नका, त्याने पोकळ्या बुजतात. शब्दांखाली रेघ मारू नका, ती उकारांना छेदून जाते.

ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा. वर्डमध्ये ‘मल्टिपल’ निवडून १.५ लिहा. ‘एक्झॅक्टली’ निवडून आकडा घातला, तर अक्षर मोठं केल्यावर वेलांट्यांची टोकं छाटली जातात, आणि छापून येईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. डावीकडून सरळ, उजवीकडे मोकळं असं जुळवा. दोन्हीकडून सरळ केलेल्या मजकुरात शब्दांमधली अंतरं कमीजास्त होतात आणि भिंग घेऊन वाचणारा शब्द शोधत बसतो.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या वेबसाइटवर वरच्या कोपऱ्यात ‘अ−, अ, अ+’ ही बटणं आहेत. म्हणजे कमी दृष्टीसाठीची अट पूर्ण झाली ना? — संगणक विभाग, कराड

नाही. ती बटणं असायला हरकत नाही, पण अट वेगळी आहे.

वेबसाठी जगभर जे निकष धरले जातात ते डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचे, नाव डब्ल्यूसीएजी. २०१८ साली त्याची २.१ आवृत्ती आली, ऑक्टोबर २०२३मध्ये २.२. गंमत अशी की त्यात ‘अक्षर किमान इतकं हवं’ असा आकडा कुठेच नाही. त्यात अट आहे ती अक्षर वाढवता येण्याची. मधल्या, म्हणजे ‘एए’ पातळीवर तीन गोष्टी पाहतात. मजकूर २०० टक्के केला तरी काही तुटता, झाकता किंवा हरवता कामा नये. पान ३२० पिक्सेल रुंदीत मावलं पाहिजे, वाचताना आडवं सरकवावं लागू नये. आणि वाचकाने ओळींतलं अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट नि परिच्छेदांतलं अंतर दुप्पट केलं तरी मजकूर कापला जाऊ नये. या शेवटच्या अटीत अक्षरांमधलं अंतर वाढवण्याचाही भाग आहे, पण ज्या लिपीत ते वापरत नाहीत तिला सूट आहे. मराठी मजकुरात ते वाढवूच नका. शिरोरेषा तुटते आणि शब्द एकसंध दिसत नाही.

तुमची साइट अशी तपासा. लॅपटॉपवर क्रोम उघडा, खिडकी १२८० पिक्सेल रुंद ठेवा आणि कंट्रोल दाबून अधिकचं चिन्ह दाबत ४०० टक्क्यांवर न्या. आता पान नेमकं ३२० पिक्सेलांत आलं. या अवस्थेत व्याजदर शोधा, कर्जाचा अर्ज उघडून शेवटपर्यंत भरा, लॉगिन करून खात्याचा उतारा बघा. फक्त मुखपृष्ठ तपासून थांबू नका.

जे तुटतं ते बहुतेक ठिकाणी हेच असतं :

वरची पट्टी जागेवर खिळवलेली असते. ४०० टक्क्यांना ती निम्मा पडदा व्यापते आणि मजकुराला दोन ओळींची खिडकी उरते. पडदा लहान झाला की ती पट्टी सुटून वर गेली पाहिजे.

बटणांची आणि चौकटींची उंची पिक्सेलात बांधलेली असते. अक्षर वाढतं, चौकट वाढत नाही, ‘पुढे जा’मधल्या ‘पु’चा उकार खाली कापला जातो. इंग्रजी शब्दांवर तपासलेली साइट मराठीत तुटते ती इथे. उंचीऐवजी ‘मिन-हाइट’ (किमान उंची) द्या, आणि ओळीची उंची पिक्सेलात न देता नुसती १.५ किंवा १.६ अशी द्या.

अक्षराचा आकार पिक्सेलात दिलेला असतो. वाचकाने ब्राउझरच्या सेटिंगमध्ये मोठं अक्षर निवडून ठेवलेलं असतं, ते तुमची साइट जुमानत नाही. आकार ‘रेम’मध्ये, म्हणजे ब्राउझरच्या मूळ अक्षराच्या पटीत द्या. ब्राउझरचा मूळ आकार १६ पिक्सेल असतो. मराठी मजकुराला आम्ही १.१२५ ते १.२५ रेम सुचवू, म्हणजे १८ ते २० पिक्सेल.

पानाच्या कोडमध्ये, व्ह्यूपोर्टच्या ओळीत ‘युजर-स्केलेबल’ला नकार किंवा ‘मॅक्सिमम-स्केल’ला १ दिलेलं असतं. त्यामुळे मोबाइलवर दोन बोटांनी पान मोठं करणं बंद होतं. हे आजच्या आज काढा, एका ओळीचं काम आहे. तोवर तुमच्या सभासदांना सांगा : अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये सेटिंग्ज, मग अ‍ॅक्सेसिबिलिटी, तिथे झूम करू देण्याची सक्ती करणारा पर्याय चालू करायचा.

आणि सर्वसाधारण सभेची नोटीस, नवे व्याजदर हे फोटो म्हणून चढवलेले असतात. फोटो मोठा केला की अक्षरं फुटतात, ओळ पडद्याबाहेर जाते, आणि वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यात काहीच सापडत नाही. नोटीस जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात जुळवून पीडीएफ केली असेल, तर पडद्यावर मराठी दिसतं पण आत भलतीच रोमन अक्षरं असतात. पडताळा सोपा आहे. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी आली तर ठीक, नाहीतर युनिकोडमध्ये परत जुळवा.

मोबाइल अ‍ॅप असेल, तर अँड्रॉइड १४पासून वाचक फोनचं अक्षर २०० टक्क्यांपर्यंत वाढवू शकतो. फोन त्या टोकाला नेऊन अ‍ॅप चालवून बघा. आयफोनवर नेहमीचा मजकूर १७ पॉइंटांचा असतो आणि सगळ्यांत मोठ्या पायरीवर ५३ पॉइंटांवर जातो. शिल्लक रकमेचा आकडा तिथे ‘१,२५…’ असा तुटून दिसत असेल, तर ते अ‍ॅप त्या माणसाच्या उपयोगाचं नाही.

प्रश्न : हे सगळं कायद्याने बंधनकारक आहे का? — संचालक, सहकारी संस्था, इस्लामपूर

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ खासगी आस्थापनांनाही लागू होतो. त्याचं कलम ४२ माहिती-तंत्रज्ञानाबद्दल आहे आणि कलम ४६ सेवा देणाऱ्यांबद्दल. भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १७८०२ हे मानक आणि सरकारी संकेतस्थळांसाठीची जीआयजीडब्ल्यू ३.० ही मार्गदर्शिका, दोन्ही डब्ल्यूसीएजीच्या पायावर उभी आहेत. नोव्हेंबर २०२४मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याखालचा सुगम्यतेच्या निकषांबद्दलचा नियम १५ नुसता शिफारसवजा असल्याबद्दल त्याचा पहिला पोटनियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे निकष करायला सांगितलं. एप्रिल २०२५च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, पुढे ५०,००० ते ५ लाख. तेव्हा नवं अ‍ॅप बनवून घेताना ‘डब्ल्यूसीएजी २.१ एए’ ही अट करारातच लिहा. मागाहून दुरुस्ती फार महाग पडते.

प्रश्न : आमच्याकडे पत्रिका, फलक, हँडबिलं छापतात. अक्षर मोठंच असतं, तरी वयस्कर गिऱ्हाइकं म्हणतात, उठून दिसत नाही. — छापखाना, वाई

तुमची अडचण बहुधा आकाराची नसून रंगाची आहे. मोतीबिंदू किंवा मधुमेहाने बिघडलेला पडदा असलेल्या डोळ्याला आधी गडद-फिक्या रंगांतला फरक कळेनासा होतो. हा फरक, म्हणजे कॉन्ट्रास्ट, गुणोत्तरात मोजतात. पांढऱ्यावर काळा २१:१. साध्या मजकुराला किमान ४.५:१ हवा, मोठ्या अक्षराला ३:१ चालतो. आणि कमी दृष्टीसाठी मुद्दाम काढलेल्या मजकुराला ७:१ धरावा.

आपल्याकडच्या आवडत्या जोड्या या मापाला लावून बघा. पांढऱ्यावर भगवा जेमतेम २.१:१, भगव्यावर पांढरा अर्थातच तेवढाच. पांढऱ्यावर भडक लाल ४:१, म्हणजे बारीक मजकुराला नापास. हळदीच्या पिवळ्यावर कुंकवाचा लाल, जो लग्नपत्रिकेत हटकून असतो, तो सुमारे ३.७:१. पिवळ्यावर काळा मात्र १९:१च्या वर जातो आणि पांढऱ्याइतकं डोळ्यांवर चमकत नाही. भगवा, लाल, पिवळा सोडा असं आम्ही म्हणत नाही. ते काठाला, पार्श्वभूमीला, गणपतीच्या चित्राला ठेवा. तिथी, वेळ, ठिकाण आणि फोन काळ्यात छापा. लाल हवाच असेल, तर गडद, काळपट तांबडा घ्या. अक्षराखाली फोटो किंवा नक्षी नको, कारण एका शब्दाखाली उजेड नि दुसऱ्याखाली सावली आली की कॉन्ट्रास्ट दर शब्दाला बदलतो. आणि चकचकीत आर्ट पेपर टाळा. दिव्याची तिरीप त्यावर पडली की तेवढा भाग वाचणाऱ्यासाठी कोराच.

पडद्यावर राखाडी अक्षरांची हौस असते. पांढऱ्यावर सात-सहा-सात-सहा-सात-सहा या कोडचा राखाडी हा शेवटचा, त्याहून फिका नको.

प्रश्न : आठवीतल्या एका विद्यार्थिनीला कमी दिसतं. प्रश्नपत्रिका मोठी करून देतो, पण तिचा पेपर पुरा होत नाही. — शिक्षक, कोरेगाव

ए-४चा कागद झेरॉक्सवर ए-३ केला की सगळं १४१ टक्के होतं. १२ पॉइंटांचं अक्षर १७ होतं. म्हणजे वाढ दीडपटही नाही, आणि कागद बाकावर मावत नाही. मुलगी एका हाताने कागद सरकवते, दुसऱ्याने लिहिते, आणि प्रत्येक वेळी ओळ हरवते. शिवाय झेरॉक्सची झेरॉक्स काढली की अक्षर मोठं होतं तसं फिकंही होतं. मोठं करायचं ते मूळ फाइलमध्ये : पहिल्या उत्तरातल्या रीतीने अक्षर ५ मि.मी., कागद ए-४च, पानं जास्त झाली तरी चालतील, एका बाजूला छपाई. ५ मि.मी.ही सगळ्या मुलांना पुरेल असं नाही. सराव परीक्षेत ४, ५ आणि ६.५ मि.मी. असे तीन उतारे देऊन वेळ लावा. ज्या आकारानंतर वेग वाढायचा थांबतो, तो तिचा आकार. त्याहून मोठं करून फायदा नाही, उलट पानं वाढतात.

गणितात घातांक, भूगोलात नकाशावरची नावं आणि विज्ञानात आकृतीची नावं हमखास बारीक राहतात, ती वेगळी मोठी करा. नकाशा पूर्ण पानावर घ्या आणि प्रश्नाला न लागणारी नावं, रेघा काढून टाका. आलेख कागदावरची १ मि.मी.ची जाळी तिला दिसत नाही, ५ मि.मी.ची ठळक जाळी छापून द्या. लिहायला काळं जेल पेन, जाड रेघांची वही आणि तिरपा लेखनफलक दिलात, तर मान दुखणंही थांबेल.

वेळेबद्दल : केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना दर तासाला किमान २० मिनिटं जादा आहेत, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. मोठ्या छपाईची मागणीही करता येते. दहावीच्या वर्षाची वाट न बघता प्रमाणपत्र आत्ताच काढून ठेवा.

प्रश्न : वडिलांना काचबिंदू आहे. फोनचं अक्षर सगळ्यांत मोठं करून दिलं, तर म्हणतात आधीचंच बरं होतं. हट्टी झालेत का? — मिरज

नाही, त्यांचं बरोबर आहे. काचबिंदूत आणि आरपीसारख्या (रेटिनायटिस पिगमेंटोसा, डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक आजार) आजारांत कडेची नजर जाते आणि मध्ये अरुंद खिडकी उरते. कायद्यातही ४० अंशांहून कमी, १० अंशांपर्यंतचं दृष्टिक्षेत्र हे कमी दृष्टीतच मोडतं, तक्त्यावर ६/६ दिसत असलं तरी. अशा माणसाला अक्षर मोठं केलं की त्या खिडकीत दोनच अक्षरं मावतात. मडक्याच्या तोंडातून घर बघावं तसं होतं. त्यांना मध्यम अक्षर, अगदी गडद काळं-पांढरं, आखूड ओळी आणि भरपूर उजेड द्या. फोनचं अक्षर एकेक पायरी खाली आणत न्या आणि जिथे ते सलग वाचतील तिथे थांबा. ओळ हरवत असेल, तर काळ्या कार्डाला एका ओळीएवढी चीर पाडून ते कागदावर ठेवून सरकवू द्या.

मध्यभाग बिघडलेल्या, कडेने बघणाऱ्या माणसाची गरज बरोबर उलटी असते, त्याला मोठंच हवं. म्हणून कुठल्याही नियमात ‘मोठं’बरोबर ‘लहानही करता यावं’ असं लिहायला हवं.

प्रश्न : द्राक्षबागेच्या औषधाच्या बाटलीवरचं काही म्हणजे काही वाचता येत नाही. मुलगा घरी नसला की अडतं. — तासगाव

अंदाजाने मात्रा घेऊ नका, १ आणि ९मधली गफलत इथे बागेला आणि जिवाला भोवते. बाटली सावलीत धरा, उन्हात लेबल चमकतं. फोनचा फ्लॅश बंद ठेवा. बाटली गोल असल्याने एका फोटोत मजकूर येत नाही, थोडी थोडी फिरवत तीन-चार फोटो घ्या आणि मग दोन बोटांनी मोठे करून वाचा. थेट बाटलीवर कॅमेरा धरून वाचण्यापेक्षा हे सोपं, कारण हात हलला तरी फोटो हलत नाही. मजकूर ओळखून वाचून दाखवणारी अ‍ॅप आहेत, पण आकडा आणि दशांश चिन्ह त्यांवर सोडू नका, फोटोतच डोळ्यांनी पडताळा.

बघायचं ते : मात्रा, किती पाण्याला, आणि काढणीआधी किती दिवस फवारणी बंद. लेबलावरच्या चौकोनाचा रंग कमी दिसलं तरी कळतो. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. एकदा खात्री झाली की पांढऱ्या चिकटपट्टीवर जाड काळ्या मार्करने मात्रा बोटभर उंच अंकांत लिहून बाटलीला चिकटवा. मूळ लेबल झाकू नका. टोपणावरच्या रेघा दिसत नाहीत, म्हणून मोजायला १० मि.लि.ची सुई नसलेली सिरिंज घ्या आणि हव्या त्या खुणेवर काळी रेघ मारून ठेवा.

भिंग घ्यायचं असेल, तर त्याच्या डायॉप्टरला, म्हणजे भिंगाच्या ताकदीच्या नंबराला, चारने भागा, तेवढ्या पट मोठं दिसतं. १० डायॉप्टरचं अडीच पट दाखवतं आणि वस्तूपासून १० सें.मी.वर धरतात. २० डायॉप्टरचं पाच पट दाखवतं, पण ५ सें.मी.वर धरावं लागतं आणि एका वेळी दोन-तीन शब्दच दिसतात. स्वतःचा दिवा असलेलं, कागदावर टेकवायचं भिंगही मिळतं, पण ते लेबलापेक्षा पावती आणि पत्राला जास्त सोयीचं.

प्रश्न : रुग्णालयात पाट्या नव्याने लावायच्या आहेत. अक्षर किती उंच? — व्यवस्थापन, सांगली

जिथून वाचायची ते अंतर मोजा. ६/१८ दृष्टीच्या माणसाला ३ मीटरवरून १३ मि.मी.चं अक्षर जेमतेम दिसतं, सहज वाचायला २६ मि.मी. लागतं. ६/६०ला त्याच अंतरावरून ४४ मि.मी. जेमतेम. दिशा दाखवणाऱ्या पाट्यांना ५० मि.मी. धरा आणि लांब बोळाच्या टोकाच्या पाटीला त्या प्रमाणात वाढवा. इथेही माप मूळ अक्षराचंच, वेलांटीसकट नव्हे. रंगाऱ्याला ‘दोन इंची अक्षर’ सांगितलं, तर तो वेलांटीपासून उकारापर्यंत दोन इंच मोजतो आणि अक्षर सव्वा इंचाचं निघतं.

पण खोल्यांच्या नावांना उंचीपेक्षा जवळ जाता येणं महत्त्वाचं. छताला टांगलेली पाटी कितीही मोठी असली, तरी माणूस तिच्यापर्यंत नाक नेऊ शकत नाही. डॉक्टरांचं नाव, वेळ, खोली क्रमांक दाराच्या चौकटीशेजारी भिंतीवर, जमिनीपासून १.४ ते १.६ मीटर उंचीवर लावा. दारावर लावू नका, दार उघडं असलं की पाटी भिंतीकडे जाते. पृष्ठभाग मॅट हवा. चकचकीत अ‍ॅक्रिलिक खिडकीसमोर असेल, तर दुपारी त्यात फक्त खिडकी दिसते. पाटीखाली खुर्च्या किंवा झाडाची कुंडी ठेवू देऊ नका. टोकनच्या लाल सरकत्या अक्षरांच्या फलकावर अक्षर वाचून होईपर्यंत ते निघून जातं. आकडा स्थिर ठेवा आणि सोबत पुकारा करा.

प्रश्न : गावात पुस्तकांचं दालन चालवतो. मोठ्या अक्षरांची पुस्तकं मराठीत फारशी मिळत नाहीत. आपणच छापून घेतली तर? — महाबळेश्वर तालुका

‘पुस्तकांचं गाव’ भिलारमुळे तुमच्या तालुक्यात पुस्तकं हाताळायला येणारा वयस्कर वाचक आधीच आहे, तेव्हा जरूर करा. स्वामित्वहक्काची भीती बाळगू नका. कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी, नफा न घेता, वाचता येईल अशा स्वरूपात प्रत करायला मुभा दिली आहे. अंध व कमी दृष्टीच्या वाचकांसाठीचा मराकेश करार मंजूर करणारा भारत हा पहिला देश, २०१४ साली. ती प्रत सरसकट सगळ्यांना विकता मात्र येत नाही.

हिशेब आधी करा. १२ पॉइंटांचं अक्षर १८ केलं, तर उंचीही दीडपट आणि रुंदीही दीडपट, म्हणजे जागा सव्वादोन पट. २०० पानांचं पुस्तक ४५० पानांचं होतं. वयस्कर हाताला ते पेलत नाही आणि पुस्तक जवळ धरून वाचणाऱ्याला तर मुळीच नाही. दोन किंवा तीन भाग करा, प्रत्येकी दीडशे ते सव्वादोनशे पानांचा. कागद ८० ते ९० जीएसएम, चमक नसलेला, मागची छपाई पुढे न दिसणारा. बांधणी सपाट उघडणारी हवी, कारण टेकवायचं भिंग पानाच्या आतल्या कडेला नेता आलं पाहिजे. आतला समास किमान २५ मि.मी. सोडा. पानांचे क्रमांकही मजकुराइतकेच मोठे आणि एकाच कोपऱ्यात, भागाचा क्रमांक कण्यावर ठळक.

ज्यांना याहून मोठं अक्षर लागतं त्यांच्यासाठी दालनात एक टॅब्लेट ठेवा आणि त्यावर ईपब स्वरूपातली पुस्तकं. ईपबमध्ये अक्षर वाढलं की ओळी आपोआप नव्याने जुळतात. पीडीएफमध्ये तसं होत नाही, पान आडवं सरकवावं लागतं. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात नोंदणी केलेल्या सभासदाला अशी पुस्तकं मिळतात. टॅब्लेट तिरप्या स्टँडवर, खिडकीला पाठ करून नव्हे तर खिडकी बाजूला येईल असा ठेवा, आणि शेजारी मान वाकवता येणारा टेबल-दिवा. त्याचा उजेड वाचकाच्या डोळ्यांत न जाता छापील पानावर पडेल इतका तो खाली आणता आला पाहिजे.